नायट्रोजन की साधी हवा? हिरव्या टोप्या आणि माझे २०० रुपये

पावशेर_चहा

मंडळी, पुढच्या शनिवारी पहाटे सहकुटुंब नागपूरला निघतोय. पुण्याहून संभाजीनगरपर्यंत नेहमीचा रस्ता, पुढे समृद्धी. महिना मे. गाडी २०१९ची हॅचबॅक, टायर गाडीबरोबर आलेलेच, ४१ हजार किमी झालेत.

काल हवा बघायला टायरच्या दुकानात गेलो. मालकाने कुठे जाताय विचारलं. समृद्धी म्हटल्यावर त्याने असा चेहरा केला की जणू मी अनवाणी हिमालयात निघालोय. म्हणे, "साहेब, साध्या हवेवर जाऊ नका. टायर तापतो, फुटतो. नायट्रोजन थंड असतो. आणि आता तो सक्तीचा केलाय." मागे बायको बसलेली, तिने "भरून टाक ना" म्हटलं, मग विषयच संपला. एका टायरचे ५०, चारचे २००. चारही व्हॉल्व्हना हिरव्या टोप्या लावून दिल्या.

घरी आल्यावर मुलगा (सातवीत आहे) म्हणाला, "बाबा, हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो ना?" तेव्हापासून झोप नाही. जाणकारांनी सांगावं, मी शहाणा की येडा?

डिझेल_डायरी

शहाणे. मी सहा वर्षं नायट्रोजनच भरतोय. मुंबई-गोवा, मुंबई-हैदराबाद, सगळं झालंय. पूर्वी दर पंधरा दिवसांनी दोन-तीन पॉइंट (पीएसआय, म्हणजे दाबाचं माप) कमी झालेले असायचे, आता महिन्यातून एकदा बघितलं तरी चालतं. फॉर्म्युला वनवाले, विमानवाले उगाच वापरतात का?

उगाच_एक

विमानवाले सीटखाली लाइफ जॅकेटपण ठेवतात. मी कात्रजच्या घाटात अजून नेलं नाही.

वऱ्हाडी_तडका

आमच्या अकोल्यात नत्र पोत्यात मिळते, ४५ किलोचं, निमकोटेड. टायरात कायले घालता भाऊ, कपाशीले घाला.

(गंमत सोडा. इकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, रस्त्याचं तर विचारूच नका. त्यामुळे हा प्रश्न आमच्यासाठी खराच आहे. वाचतोय.)

गॅसबत्ती

चहा, एकच प्रश्न. नायट्रोजन भरताना त्याने आधीची हवा पूर्ण काढली होती का?

पावशेर_चहा

नाही हो. नळी लावली, मशीनवर २८ दिसत होते, ३२ झाल्यावर टूं वाजलं, टोपी लावली, पुढचा टायर. चारही मिळून पाच मिनिटं.

गॅसबत्ती

मग ऐका, आणि रक्तदाबाची गोळी घेतली असेल तरच वाचा.

गेज जे दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब. गेजवर २८ म्हणजे आत प्रत्यक्षात २८ अधिक वातावरणाचे १४.७, सुमारे ४२.७. त्यात २१ टक्के ऑक्सिजन होता. त्यावर त्याने ४ पॉइंट नायट्रोजन घातला. दुकानातल्या मशीनचा नायट्रोजन शंभर टक्के शुद्ध नसतो, ९५ धरू. गणित केलं तर ऑक्सिजन २१ वरून साडेएकोणीसच्या आसपास आला. २०० रुपयांत दीड टक्का.

त्याने व्हॉल्व्हमधली पिन काढून टायर पूर्ण रिकामा केला असता तरी आत वातावरणाएवढी हवा राहतेच. त्यावर ३२ पॉइंटपर्यंत नायट्रोजन भरला की ऑक्सिजन साधारण १० टक्क्यांवर येतो. पुन्हा एकदा रिकामा करून भरला तर ६-७वर. म्हणजे खरा नायट्रोजनचा टायर हवा असेल तर दोन-तीनदा काढून भरायला लागतो. घाईच्या वेळी हे कुठलाही दुकानदार करत नाही, आणि आपणही थांबत नाही.

आता "थंड" प्रकरण. नायट्रोजन द्रवरूपात असतो तेव्हा उणे १९६ अंशाला असतो, त्यावरून ही समजूत आली असावी. टायरमधला वायू थंडबिंड काही नसतो. तापला की कोरडी हवा आणि नायट्रोजन एकसारखेच फुगतात, दर १० अंशांना साधारण दीड पॉइंट. अकरावीच्या पुस्तकात आहे ते, वायूचं नाव बदलून समीकरण बदलत नाही. सकाळी २५ अंशाला ३२ भरलेला टायर चालून चालून ६५ अंशाला गेला तर गेजवर ३८ दिसणार. हवा असो, नायट्रोजन असो.

डिझेल_डायरी

मग माझा अनुभव खोटा का? हवा कमी उतरते हे मी गेजवर बघितलंय, कुठे वाचलेलं नाही.

गॅसबत्ती

खोटा नाही, थोडा खरा आहे. टायरच्या आतल्या बाजूला ब्युटाइल रबराचा थर असतो, हवा धरून ठेवायला. त्यातूनही वायू झिरपतोच, आणि ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा तिप्पट-चौपट वेगाने झिरपतो. म्हणून नायट्रोजन जास्त टिकतो. किती जास्त, तेही मोजलेलं आहे. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्सने टायरची ३१ मॉडेलं घेतली, ३० पॉइंटला भरून वर्षभर उघड्यावर ठेवली. हवेचे टायर सरासरी ३.५ पॉइंट उतरले, नायट्रोजनचे २.२. फरक १.३ पॉइंट. वर्षाला.

आता तुम्हीच बघा. तुमचे टायर पंधरा दिवसांत दोन-तीन पॉइंट उतरत होते, म्हणजे वर्षाचा हिशोब पन्नासच्या वर जातो. एवढं रबरातून झिरपत नाही. ते पिनमधून, रिमच्या कडेतून किंवा खिळ्यातून जात होतं. नायट्रोजन भरायला गेलात तेव्हा त्याने पिन आवळली असेल किंवा टायर नवे घेतले असतील, आणि श्रेय वायूला मिळालं.

डिझेल_डायरी

…टायर नवे घेतले तेव्हाच नायट्रोजन सुरू केला होता. पण तरी मी भरणार. महिन्याला ४० रुपयांत मनाला शांती मिळते, तेवढ्यात आजकाल वडापावही दोनच येतात.

निवृत्त_पाना

विमानाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. हवाई दलात जमिनीवरच्या कामात आयुष्य गेलं, टायर पुष्कळ हाताळले.

विमानात नायट्रोजन भरतात त्याचं मुख्य कारण "दाब स्थिर राहतो" हे नाही. कारण आहे आग. प्रवासी जेटच्या टायरात २०० पॉइंटच्या आसपास दाब असतो. उतरताना आणि विशेषतः उड्डाण रद्द करून थांबवताना ब्रेक लालबुंद होतात. ती उष्णता चाकातून टायरला पोचते, आतलं रबर तापून ज्वलनशील वाफा सोडतं आणि आत ऑक्सिजन असेल तर टायर आतल्या आत बॉम्बसारखा जातो. ३१ मार्च १९८६ला मेक्सिकोत मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७ असंच पडलं. ब्रेक तापलेला, टायरात नायट्रोजनऐवजी साधी हवा, चाक आत घेतल्यावर हवेत असताना स्फोट, इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या नळ्या तुटल्या. १६७ माणसं गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या एफएएने (तिकडचं विमान वाहतुकीचं सरकारी खातं) आदेश काढला की टायरात ऑक्सिजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको.

शिवाय वर उणे पन्नास तापमान असतं, आत पाणी राहिलं तर बर्फ होतो. म्हणून कोरडा वायू. तुमच्या हॅचबॅकचे ब्रेक तेवढे तापले तर टायरात काय भरलंय हा तुमचा शेवटचा प्रश्न असेल.

उगाच_एक

पाना काका, लाइफ जॅकेटवाला विनोद मागे घेतो.

कातळशिल्प

पाण्याचा मुद्दा निघालाच आहे तर आमच्या रत्नागिरीची गोष्ट सांगते. जुलैत पंपावर फुकटची हवा भरली. घरी येऊन गेजने बघायला पिन दाबली तर तळहातावर बारीक तुषार. हात चक्क ओला! वास पण गंजक्या टाकीचा. तेव्हापासून मी पावसाळ्यात नायट्रोजन भरते. चूक की बरोबर?

गॅसबत्ती

बरोबर, आणि या धाग्यावरचं नायट्रोजनच्या बाजूचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे.

हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. कॉम्प्रेसरला खाली एक तोटी असते, ती रोज उघडून पाणी सोडायचं असतं. कोकणात पावसाळ्यात हवा आधीच चिंब, त्यात ती तोटी कुणी महिनोन्महिने उघडली नाही की पाणी नळीतून थेट टायरात. आणि आत खरंच थेंब असतील तर वायूचं सरळ समीकरण बिघडतं. ३० अंशाला वाफेचा दाब अर्ध्या पॉइंटहून जरा जास्त असतो, ६५ अंशाला साडेतीनच्या वर जातो. म्हणजे टायर तापल्यावर हवेमुळे जे सहा पॉइंट वाढणार, त्यावर पाण्याचे आणखी तीन. रेसिंगवाले याच तीन पॉइंटना घाबरतात, त्यांना कोरडा वायू हवा असतो आणि नायट्रोजन आयता कोरडा मिळतो. वर लोखंडी रिम आतून गंजते, गंजलेल्या कडेवर टायर नीट बसत नाही आणि तिथून हवा जाते.

पण हे काम कोरडी हवाही करते. ज्या पंपाची तोटी रोज उघडतात तो पंप शोधा. किंवा नळी टायरला लावण्याआधी दोन सेकंद हवा मोकळी सोडा आणि समोर तळहात धरा. ओलं लागलं तर पुढच्या पंपावर.

बर्फातला_बाब्या

इकडे कॅनडात कॉस्टकोत टायर घेतले की नायट्रोजनच भरून देतात, पैसे घेत नाहीत. तरी दर नोव्हेंबरला पहिली कडक थंडी पडली की सकाळी सगळ्या गल्लीत डॅशबोर्डवर पिवळा दिवा. ऑक्टोबरात २० अंशाला ३३ भरलेला टायर उणे २०ला २६-२७ दाखवतो. नायट्रोजनवाल्यांचा दिवा पेटत नाही असं अजून पाहिलं नाही. शेजारी सोमालियाचे आहेत, ते सायकलचा पंप घेऊन येतात, आम्ही दोघं आळीपाळीने मारतो.

वऱ्हाडी_तडका

बाब्या, थोडी थंडी पार्सल कर ना.

ते "सक्तीचा" काय प्रकरण आहे पण? इकडेही दुकानात तसंच सांगतात.

डिझेल_डायरी

जुलै २०१९मध्ये यमुना एक्स्प्रेसवेवर बस पडली होती, त्यानंतर गडकरींनी राज्यसभेत सांगितलं होतं की टायरच्या रबरात सिलिकॉन आणि आत नायट्रोजन सक्तीचा करायचा सरकारचा विचार आहे. विचार. तेवढ्यावर दुकानदारांनी पाट्या रंगवल्या. मी नायट्रोजनवाला आहे, पण खोटं कशाला बोलू. समृद्धीवर आरटीओवाले टायर तपासतात तेही नक्षी किती उरली ते बघायला, आत कुठला वायू आहे ते बघायला नाही.

लालडबा_२

सगळा धागा वाचला. कुणीच मूळ प्रश्न विचारला नाही म्हणून विचारतो. वडील एसटीत ड्रायव्हर होते, त्यांनी पहिला हाच विचारला असता. चहासाहेब, टायर कधीचे आहेत?

गाडी २०१९ची आणि टायर तेच, असं तुम्हीच वर लिहिलंय. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कधीकधी ती बाजू आत असते, मग गाडीखाली वाकावं लागतं. ते वाचा. मग नाणं-बिणं न लावता खाचेतली ती छोटी उंचवटी बघा, १.६ मिलिमीटरची. नक्षी तिच्या बरोबरीला आली की टायर संपला. आणि मग खाचांच्या तळाशी आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा आहेत का ते उन्हात बघा.

वडील गाडी काढायच्या आधी लोखंडी रॉड घेऊन सगळ्या चाकांभोवती फिरायचे. ठोकायचे. भरलेला टायर "टण्ण" बोलतो, उतरलेला "भद्द". मागच्या जोडचाकांत आतला टायर बसलेला डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतो. त्यांच्या रॉडला कधी कळलं नाही आत नत्र आहे की प्राणवायू.

आणखी एक. "लांब जायचंय, उन्हाळा आहे, तर दोन पॉइंट कमी ठेवा" हा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजा आणि सोडून द्या. टायर जास्त हवेने क्वचित फुटतो. कमी हवेने भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, ते वाकणंच त्याला तापवतं. १२०च्या वेगाने तासभर सलग, खाली काँक्रीट, मागे पाच बॅगा आणि आजी. थर सुटतात आणि मग फुटतो. लोक म्हणतात हवा तापून फुटला. वाटेत टायर गरम असताना गेजवर ३८ दिसले म्हणून हवा काढू नका, गार झाल्यावर तो टायर २६वर जाईल. आकडा ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर असतो, पूर्ण लोडचा वेगळा दिलेला असतो. टायरवर छापलेला मोठा आकडा कमालीचा, तो भरायचा नाही.

पावशेर_चहा

आत्ता पार्किंगमध्ये मोबाइलची बॅटरी घेऊन झोपून आलो. वॉचमनला वाटलं काहीतरी पडलं.

चारही टायर: १४१९. म्हणजे एप्रिल २०१९. नक्षी बऱ्यापैकी आहे, पण डाव्या बाजूच्या दोन टायरांच्या खाचांत भेगा. डावी बाजू दुपारभर उन्हात असते. स्टेपनी बघितली (गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा, कबूल करतो). १४ पॉइंट.

आणि मित्राकडून गेज आणला. दुकानदाराच्या ३२ला हा साडेअठ्ठावीस दाखवतो. खात्री करायला अजून एका मित्राचा आणला, तोही २९. म्हणजे २०० रुपयांत दीड टक्का नायट्रोजन आणि दोन्ही गेज म्हणतात तीन पॉइंट कमी.

लालडबा_२

टायर कंपन्या सांगतात पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहाव्या वर्षी नक्षी कितीही असली तरी काढा. भेगा असतील तर दहाची वाट बघू नका. लेकराबाळांना घेऊन सुमारे ७०० किमी जाताय. बदला. आणि नवे बसवताना व्हॉल्व्हची रबरी नळी पण बदलून घ्या, ती पण २०१९चीच आहे.

पावशेर_चहा

बदलले. चारही. रक्कम इथे लिहीत नाही, घरीही अजून पूर्ण सांगितलेली नाही. दुसरं दुकान. त्याने विचारलं, "नायट्रोजन भरू? नव्या टायरवर फुकट आहे." मी म्हटलं भरा. फुकट ते पौष्टिक.

निवृत्त_पाना

सुखरूप जा. निघताना पहाटे, टायर गार असताना मोजा.

पावशेर_चहा

नागपूरहून परत आलो. संत्रा बर्फी पाठवता येत नाही, क्षमस्व.

प्रवासाचे आकडे, कुणाला हवे असतील तर. पहाटे साडेपाचला चारही ३३. संभाजीनगरला चहाला थांबलो तेव्हा ३६. समृद्धीवर जाताना वेग १०० ते ११०, भर दुपारी सिंदखेडराजाच्या पुढे थांबून मोजले, उन्हाकडच्या बाजूचे ३९, सावलीकडचे ३८. गॅसबत्तींनी सांगितलं तेच. हवा काढायचा मोह झाला, काढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरात तीन टायर पुन्हा ३३.

चौथा, मागचा डावा, ३०. म्हटलं काल चुकून कमी वाचला असेन. भरला. चार दिवसांनी परत ३०. नवा टायर, फुकटचा नायट्रोजन, हिरवी टोपी, तरी ३०!

पुण्यात आल्यावर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेलो. मशीन नाही, एक कॉम्प्रेसर, एक घमेलं पाणी. त्यांना सगळी कथा सांगायला लागलो, वायू, झिरपणं, ब्युटाइल. ते ऐकत होते की नाही माहीत नाही. टोपी काढली, बोटाला थुंकी लावली, व्हॉल्व्हच्या तोंडावर फिरवली आणि म्हणाले, "देखो." एक छोटासा फुगा आला, ज्वारीच्या दाण्याएवढा. फुटला. दुसरा आला.

पिन सैल होती. आणि नळी जुनीच. दुकानात तेवढी सांगायची राहिली होती माझ्याकडून. चाचांनी नळी आणि पिन दोन्ही बदलली, कॉम्प्रेसरची तोटी आधी सोडून दाखवली, साधी हवा भरली, ८० रुपये. आज बारावा दिवस, ३३ आहे.

डिझेल_डायरी

म्हणजे आता तीन टायरांत नायट्रोजन आणि एकात हवा?

गॅसबत्ती

मिसळली तरी काही बिघडत नाही, आधीच सांगतो, नाहीतर उद्या नवा धागा निघेल.

पावशेर_चहा

बिघडलं ते वेगळंच. ती हिरवी टोपी चाचांकडच्या घमेल्यात पडली, सापडली नाही. त्यांनी काळी लावून दिली. आता तीन हिरव्या आणि एक काळी, बायको म्हणते गाडी काणी दिसते.

कातळशिल्प

माझ्याकडे दोन जादा आहेत. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.